‘घरी न्या, सेवा करा’ म्हणजे पुनर्वसन नव्हे

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात व्यवसायोपचाराचे काम करणाऱ्या एका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



पुनर्वसन हा शब्द आपल्या शिबिरात उच्चारला की निम्म्याजणींच्या डोळ्यांपुढे धरण उभं राहतं. साहजिक आहे. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा महाराष्ट्राच्या धरणग्रस्तांनी दिली, प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला आणि तो नीट अमलात यावा म्हणून लोक पुढे कित्येक वर्षं भांडत राहिले. त्या घोषणेत एक साधा हिशेब होता. माणसाचं जगणं उखडणार असेल तर ते पुन्हा बसवायची जबाबदारी कुणाची, हे आधी सांगा.

मी आज याच शब्दाबद्दल बोलणार आहे. फक्त इथे उखडलंय ते गाव नाही. धडधाकट, कमावत्या-सावरत्या बाईचा किंवा पुरुषाचा मेंदू एका क्षणात दुखावला जातो, जीव वाचतो, आणि मग पुनर्वसनाची जबाबदारी कुणाची हे कुणीच विचारत नाही. कारण सगळ्यांनी ते गृहीत धरलेलं असतं. घरातल्या बाईची.

मी व्यवसायोपचार करते. ऑक्युपेशनल थेरपी. सरकारी रुग्णालयात माझी तेवीस वर्षं गेली. ‘व्यवसाय’ म्हणजे नोकरीधंदा असं लोकांना वाटतं, म्हणून सांगते. उठणं, अंघोळ, जेवण, कपडे, स्वयंपाक, बाजार, पोथी वाचणं, शेतावर जाणं, माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं यात येतं. आपल्याकडे ही विद्या एका बाईने आणली, हे मला आवर्जून सांगायचंय. कमला निंबकर या जन्माने अमेरिकन, लग्न करून इथल्या झालेल्या. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची पहिली शाळा काढली. आपल्याला समाजसुधारकांची नावं पाठ असतात, कमलाबाईंचं नाव मात्र माझ्या विद्यार्थिनींनासुद्धा परीक्षेपुरतं माहीत असतं.

तर मेंदूची इजा. जन्मतः असलेलं अपंगत्व वेगळं, हे वेगळं. हे मोठेपणी, चालत्या आयुष्यात येतं. सगळ्यात जास्त येतं ते रस्त्यावरून. २०२३ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसं मेली. मेलेल्यांची मोजदाद तरी होते. जे वाचले त्यांच्यापैकी किती जणांना आज स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही, याचा रकाना कुठल्याच सरकारी तक्त्यात नाही. बायका मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पोर घेऊन बसलेल्या. हेल्मेट पुढच्याला, कारण पोलीस त्याला पकडतो. कायदा मागे बसणारीलाही हेल्मेट घालायला सांगतो, पण घरात एकच हेल्मेट असेल तर ते कुणाच्या डोक्यावर जाणार हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या वाटेने येणाऱ्या बायका तुमच्या ओळखीच्या आहेत, पण तुम्ही त्यांना या नावाने ओळखत नाही. डोकं भिंतीवर आपटलेली. गळा दाबलेली, मेंदूला काही मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर तेवढ्याने कायमची हानी होते, आणि बाहेरून गळ्यावर साधा वळसुद्धा दिसत नाही. आपल्या सल्लाकेंद्रात एखादी बाई येते, तारखा विसरते, एकच गोष्ट चारदा सांगते, मध्येच भडकते, आणि कार्यकर्ती वैतागून म्हणते, ‘ही धड काही सांगतच नाही.’ तिला विचारा, कधी शुद्ध हरपली होती का? गळा दाबला होता का? किती वेळा? हे तीन प्रश्न आपल्या अर्जाच्या नमुन्यात असायला हवेत.

आणि तिसरी वाट बाळंतपणाची. बाळंतिणीच्या मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी होते. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत डोकं प्रचंड दुखतं, फिट येते, एक बाजू जाते. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, नाहीतर पोट सुटतं, अशी आपल्याकडे समजूत आहे ना? शरीरातलं पाणी कमी होणं हे या गुठळीच्या कारणांपैकी एक मानलं जातं. बाळंतिणीचं डोकं दुखतंय म्हणजे ‘थंडी बाधली’ असं म्हणून कानाला स्कार्फ बांधू नका, तिला दवाखान्यात न्या. हे जाता जाता सांगितलं, पण गावातल्या आशाताईंपर्यंत एवढं जरी पोचलं तरी आजचं भाषण फुकट गेलं नाही असं मी म्हणेन.

इजा किती गंभीर हे डॉक्टर एका मोजपट्टीने ठरवतात. ग्लासगो शहरात १९७४ मध्ये ती तयार झाली. डोळे उघडतात का, बोलतो का, हातपाय हलवतो का, याचे गुण. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आठ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. केसपेपरवर ‘जीसीएस’ म्हणून लिहिलेलं असतं. तो आकडा बघायला शिका आणि त्या कागदाची झेरॉक्स काढून ठेवा. पुढे लागते.

आता जीव वाचवण्याची व्यवस्था आपल्याकडे पूर्वीपेक्षा बरीच सुधारली, हे कबूल करायला हवं. १०८ ची रुग्णवाहिका येते. जनआरोग्य योजनेत मेंदूची शस्त्रक्रिया होते. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोख पैसे न भरता उपचाराची योजना आणली. दीड लाख रुपयांपर्यंत आणि अपघातापासून सात दिवसांपर्यंत. सात दिवस! गंभीर इजेचा माणूस सातव्या दिवशी कित्येकदा डोळेसुद्धा उघडत नाही. ज्या दिवशी तो डोळे उघडतो, ज्या दिवशी माझं काम सुरू व्हायला हवं, त्या दिवशी त्याला डिस्चार्ज मिळालेला असतो. नाकात नळी, लघवीची पिशवी, कधी गळ्याला भोक पाडून घातलेली नळी, आणि बरोबर एक वाक्य : ‘घरी न्या, सेवा करा.’

सेवा हा शब्द मला अलीकडे सोसवत नाही. सेवा आणि पुनर्वसन यांत काय फरक आहे ते सांगते.

बिछान्यावर पडलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, पाठ कोरडी ठेवायची, ही सेवा. ती केली नाही तर बेडसोर होतो आणि माणूस त्यानेच जातो. पण त्याच वेळी हात कसा ठेवायचा, बोटं आवळू नयेत म्हणून तळहातात काय द्यायचं, घोटा खाली लटकू नये म्हणून पाय कशाला टेकवायचा, दिवसातून किती वेळ बसतं करायचं, हे पुनर्वसन आहे. सहा महिने नुसती सेवा झाली तर कोपर आणि गुडघे असे आखडतात की मेंदू सुधारला तरी पाय जमिनीला टेकत नाही. नाकातली नळी काढायची घाई करून आडव्या माणसाच्या तोंडात पेज घालणं ही माया आहे, पण ती पेज फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. आधी गिळता येतं का ते तपासावं लागतं, सरळ बसवावं लागतं, हनुवटी थोडी खाली घ्यावी लागते, घट्ट पदार्थापासून सुरुवात करावी लागते. हे सगळं शिकण्यासारखं आहे. अक्षरओळख नसलेल्या आजीबाई माझ्यापेक्षा नीट करतात, एकदा दाखवलं की.

शुद्धीवर येताना मधे एक काळ असा येतो की माणूस ओरडतो, शिव्या देतो, नळ्या उपटतो, कपडे काढून टाकतो. घरचे म्हणतात वेड लागलं. कुणी भगताकडे नेतं. कुणी हात खाटेला बांधतं. वास्तविक अनेकांच्या बरं होण्याच्या वाटेवरचा हा एक टप्पा असतो. खोलीत आवाज कमी, माणसं कमी, उजेड कमी, एका वेळी एकच माणूस बोलेल, एवढं केलं तरी फरक पडतो.

आणि आपल्याकडची ती भेटायला येण्याची पद्धत! अख्खं गाव येतं. प्रत्येकजण खाटेशी वाकून विचारतो, ‘मला ओळखलंस का? सांग बघू मी कोण?’ ती चुकीचं नाव सांगते. सगळे हसतात किंवा डोळ्याला पदर लावतात. पुढचा येतो, तोच प्रश्न. मी वॉर्डात असते तेव्हा हा प्रश्न विचारायला बंदी करते. ही माझी चिडचिड नाही, यामागे शास्त्र आहे. ज्याची स्मरणशक्ती दुखावली आहे तो चूक आठवून ती टाळू शकत नाही. त्याने अंदाजाने जे चुकीचं सांगितलं तेच मेंदूत पक्कं होतं. म्हणून परीक्षा घ्यायची नाही, उत्तर आधीच द्यायचं. ‘मी शेवंता, तुझी मावसबहीण, आपण नदीवर धुणं धुवायला जायचो.’ रोज, तेच, तसंच. मग हळूहळू वाक्यातला शेवटचा शब्द गाळायचा आणि तिला भरू द्यायचा. इतकी स्वस्त उपचारपद्धती दुसरी नसेल, पण ती सांगायला माणूस हवा.

डाव्या बाजूचं भान जाणं हा दुसरा एक प्रकार. डोळे शाबूत असतात, पण मेंदूला डावीकडचं जग आहे हेच कळत नाही. बाई ताटातलं उजवीकडचं जेवते, डावीकडची भाकरी तशीच, आणि वर म्हणते, मला भाकरी वाढली नाही. साडीची डावी बाजू नेसलेलीच नसते. घरात भांडणं लागतात. वाचा गेलेल्या बाईला साधं ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण आरती सुरू झाली की ती अख्खी म्हणते, पाढे म्हणते, जात्यावरच्या ओव्या म्हणते, आणि घरचे म्हणतात, बघा, बोलता येतंय, मुद्दाम बोलत नाही. तसं नसतं. पाठ असलेलं बोलणं आणि मनातलं बोलणं यांच्या मेंदूतल्या वाटा वेगवेगळ्या आहेत. वाचोपचारतज्ज्ञ त्या पहिल्या वाटेवरून दुसरीकडे नेण्याचा प्रयत्न करतात.

आता चहाबद्दल बोलते. चहा करणं ही आमच्या विभागातली मोठी परीक्षा आहे. भांडं घ्यायचं, माणसं मोजून पाणी घालायचं, साखर, पावडर, दूध, उतू जायच्या आत गॅस बारीक करायचा, गाळायचं, गॅस बंद करायचा. यात योजना आहे, क्रम आहे, लक्ष आहे, धोक्याची जाण आहे. बाळंतपणानंतर गुठळी झालेली एक तिशीतली बाई माझ्याकडे येत होती. हातपाय चांगले सुधारले होते. पण ओट्याशी उभी केली की नुसती उभी राहायची. अर्धा तास. सासूबाईंचं म्हणणं, आळशी झालीय, नाटकं करते. कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला की माणसाला करायचं काय हे ठाऊक असतं पण सुरुवातच करता येत नाही. तिला आम्ही भिंतीवर चित्रांचे आठ कागद लावून दिले. एक झालं की त्यावर बोट ठेवायचं, पुढच्यावर जायचं. साखर तीनदा पडायची, म्हणून घातली की डबा ओट्यावरून उचलून खाली ठेवायचा अशी खूण केली. गजर लावला. मग एकेक कागद काढत गेलो. अकरा आठवड्यांनी ती कागदांशिवाय चार माणसांचा चहा करू लागली.

आणि त्याच आठवड्यात तिचं येणं थांबलं. निरोप पाठवला तर नवऱ्याने सांगितलं, ‘आता घरातलं करते ना ती, बास झालं.’

बाळंतपणाआधी ती बाई तालुक्याच्या गावी शिवणाचा वर्ग चालवत होती. स्वतः एसटीने जायची. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं होतं, तुला पुन्हा काय करता यायला हवं? बोलायला त्रास होत होता, तरी तिने हाताने कात्री चालवून दाखवली होती. आम्ही तिला चहा शिकवत होतो तो कात्रीपर्यंत पोचण्यासाठी, पण चहाशी घरच्यांचं काम भागलं.

पुरुष रुग्णाचे नातेवाईक मला विचारतात, ‘कामावर कधी जाईल?’ बाईचे विचारतात, ‘स्वयंपाक कधी करील?’ आमच्या खात्यातही काही वेगळं नाही. तपासणीच्या कागदावर बाईच्या पुढे ‘गृहिणी’ लिहिलं की उपचाराचं उद्दिष्ट आपोआप ठरतं. पुनर्वसन कशासाठी, हा प्रश्न त्या बाईलाच विचारायचा असतो, तिला बोलता येत नसेल तर चित्रं दाखवून, हाताच्या खुणांनी, वेळ देऊन.

हा वेळ किती द्यायचा? नातेवाइकांना सांगितलं जातं, सहा महिन्यांत यायचं ते येईल, पुढे काही नाही. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरं. पण गंभीर इजेत ती वर्षानुवर्षं, थोडी थोडी होत राहू शकते. बेशुद्धीतून बाहेर आलेली, डोळे उघडलेली, पण कशालाच प्रतिसाद न देणारी जी अवस्था, तिला पूर्वी अपघातानंतर वर्ष उलटलं की ‘कायमची’ म्हणत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत ‘कायमची’ हा शब्द काढून ‘दीर्घकालीन’ हा शब्द घ्यायला सांगितलं, कारण वर्षानंतरही काहीजण त्यातून बाहेर आलेले दिसले. त्याहून महत्त्वाचं, नुसतं खाटेशी उभं राहून ‘भान नाही’ असं ठरवलेल्या दहा रुग्णांपैकी साधारण चारजणांना नीट, पुन्हा पुन्हा तपासलं तर थोडं भान असल्याचं आढळतं. ही तपासणी करताना काय वापरतात माहीत आहे? हातातला आरसा. स्वतःचा चेहरा समोरून सरकत गेला की काहींची नजर त्याच्या मागे जाते, जी बोटामागे किंवा बॅटरीमागे गेलेली नसते. याचा अर्थ प्रत्येकजण बरा होतो असा नाही. खोटी आशा विकणारे तेल-मालिशवाले आणि लाखांच्या इंजेक्शनवाले पुष्कळ आहेत, त्यांच्यापासून सांभाळा. पण तपासल्याशिवाय ‘संपलं’ म्हणू देऊ नका.

इथे अरुणा शानबाग यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममध्ये परिचारिका असलेल्या या तरुण बाईचा गळा त्याच रुग्णालयातल्या सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने आवळला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं, आणि इतक्या वर्षांत एक बेडसोर होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निकालात या शुश्रूषेचा गौरव आहे, आणि हातपाय आखडल्याची नोंदही आहे. आपण त्यांच्याविषयी दोन अंगांनी बोललो. बलात्कार आणि कामाच्या जागची सुरक्षितता, आणि दुसरं दयामरण. दोन्ही चर्चा आवश्यक होत्या. पण वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने ‘मरू द्यावं की नाही’ यावर भरले आणि ‘असं जगणाऱ्यांना काय काय मिळायला हवं’ यावर चार ओळी आल्या नाहीत. मरणाच्या हक्कावर माझं कुणाशी भांडण नाही. पण ज्या देशात पुनर्वसन मिळतच नाही तिथे मरणाचा पर्याय मोकळेपणाने निवडला असं कसं म्हणायचं?

आणि अरुणाताईंना मिळालेल्या परिचारिका पगारी होत्या, पाळीपाळीने येत होत्या, संघटित होत्या. घरातली बाई एकटी असते. तिला पाळी नाही, रजा नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकामात बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७. घरच्यांच्या देखभालीत बाईची १३४, पुरुषाची ७६. ही सर्वसाधारण घरांची सरासरी आहे. ज्या घरात दर दोन तासांनी कूस बदलायची आहे त्या घरातली मिनिटं मोजायला गेलं तर दिवस पुरणार नाही. माझ्या वॉर्डात पुरुषाच्या खाटेशी बायको किंवा आई असते. बाईच्या खाटेशी आई, बहीण, नाहीतर शाळा सोडलेली मुलगी. नवरे येतात, नाही असं नाही. पण दोन-तीन महिन्यांनी बाईला ‘हवापालटाला’ माहेरी पाठवलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी डिस्चार्जच्या वेळी माहेरचा पत्तासुद्धा लिहून घेते.

जिचा नवरा रुग्ण आहे तिची आणखी एक अडचण आहे आणि ती कुणी बोलत नाही. मेंदूच्या इजेने माणसाचा आवर सुटतो. शिव्या, मारहाण, आणि लैंगिक बाबतीतही. परांचीवरून पडलेल्या एका गवंड्याची बायको मला म्हणाली, ‘बाई, चेहरा त्यांचाच हाय, माणूस दुसराच आलाय घरी. आणि रात्री तो माणूस माझ्याकडं येतो.’ तिला सासरचे सांगत होते, आजारी माणूस आहे, त्याला दुखवू नकोस. तिथे मी माझा पांढरा कोट बाजूला ठेवून बोलले. तो आजारी आहे म्हणून तुझा नकार संपत नाही. वेगळी खोली, आतून कडी, रात्री दुसरं कुणीतरी घरात, ही उपचाराचीच व्यवस्था आहे असं मी घरच्यांना कागदावर लिहून दिलं. डॉक्टरी कागदाचा आपल्याकडे एवढा तरी उपयोग होतो.

रुग्ण बाईच्या बाबतीत उलटी भीती. तिला भान कमी, ओरडता येत नाही, आणि घरात-दारात तिच्याजवळ कुणीही जातं. मग पाळीचा ‘त्रास’ नको म्हणून गर्भाशयच काढून टाका, असा सल्ला. १९९४ मध्ये शिरूरच्या संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली तेव्हा आपल्या चळवळीने केवढा आवाज उठवला होता! इथल्या काही ज्येष्ठ मैत्रिणींना ते दिवस आठवत असतील. आज २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या दहाव्या कलमात स्पष्ट आहे, की अपंग व्यक्तीच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला मूल होणं बंद होईल अशी कोणतीही शस्त्रक्रिया करता येणार नाही. पाळीच्या दिवसांत कपडा-पॅड कसं बदलायचं हे पुष्कळ रुग्ण बायकांना टप्प्याटप्प्याने शिकवता येतं. चहासारखंच.

(सरकारी कागदावर आता सगळीकडे ‘दिव्यांग’ असतं. मेंदूला मार बसण्यात दिव्य काय ते मला तेवीस वर्षांत दिसलेलं नाही, म्हणून मी अपंगच म्हणते.)

त्याच कायद्याबद्दल थोडं. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत. पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. मेंदूची इजा या नावाने नाही. त्यामुळे प्रमाणपत्राच्या रांगेत आमची बाई उभी राहिली की हातपाय चालतात, डोळे दिसतात, मग अपंगत्व कुठलं, असं विचारतात. वाट आहे. वाचा गेली असेल तर ती वाचा-भाषा अपंगत्वात बसते, एक बाजू गेली असेल तर चलनवलनाच्या, आणि दोन्ही असेल तर बहुविकलांगतेत. पण जिची फक्त स्मृती आणि सुरुवात करण्याची शक्ती गेली आहे ती सगळ्या चौकटींच्या मधून खाली पडते. मेंदूच्या इजेचं नाव यादीत यावं ही मागणी आपण करायला हवी. कलम २७ पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतं, जरी ‘आर्थिक कुवतीनुसार’ ही पळवाट त्यात आहे. आणि कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी देखभाल करणाऱ्याचा भत्ता, हे शब्द आहेत. या शब्दांना आपण कधी हातच लावला नाही.

पैशाचा दुसरा मार्ग अपघात दावा न्यायाधिकरणाचा. तिथे वकील उपचाराची बिलं लावतात आणि थांबतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातात मेंदूला गंभीर इजा झालेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या दाव्यात दोन मदतनीस धरले, महिना दहा हजार रुपये, त्याला अठराने गुणून फक्त देखभालीचे २१ लाख ६० हजार दिले. एकूण भरपाई ६२ लाखांवर गेली. म्हणजे घरातल्या देखभालीला किंमत आहे, न्यायालयाने ती मोजली. जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचं मोल धरताना, मी मघाशी सांगितली तीच मिनिटं निकालात नोंदवली. तेव्हा ‘आई बघते, खर्च काही नाही’ असं अर्जात लिहू देऊ नका. आणि उशीर करू नका. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत लागू झाली, तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर बसू नका.

मारहाणीतून इजा झाली असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० खाली उपचारखर्च मागता येतो. त्यात पुढच्या थेरपीचा खर्च लिहून मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम ११७ मध्ये, दुखापतीने कायमचं अपंगत्व आलं तर किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. पोलीस साधी मारामारी म्हणून नोंदवतात तेव्हा हे दाखवा.

उपचार कुठे मिळतो? मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदू पुनर्वसनाचा विभाग आहे. पण नंदुरबारची किंवा गडचिरोलीची बाई आठवड्यातून तीनदा हाजीअलीला जाणार कशी? म्हणून मागणी तालुक्याची हवी. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्याचा एक तरी ठरलेला दिवस, फिजिओथेरपी, व्यवसायोपचार आणि वाचोपचार तिन्ही एका छताखाली, आणि नेण्या-आणण्याची गाडी. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या खाली थेरपीची तारीख.

तोवर एक काम तुम्ही उद्यापासून करू शकता. अशा घरात गेलात की एक वही द्या. कूस केव्हा बदलली, काय गिळलं, फिट आली का, आज नवीन काय केलं, कोण किती तास जवळ होतं. शेवटचा रकाना विसरू नका. पहिले चार आम्हाला उपचाराला लागतात, पाचवा न्यायाधिकरणात लागतो. आणि आठवड्यातून एक दुपार गटातली एक बाई त्या घरात जाऊन बसेल आणि घरची बाई बाहेर पडेल, एवढं जमवा. ती कुठे गेली हे विचारू नका.

वहीच्या पानाचा नमुना मी आणलाय, मागच्या टेबलावर आहे. गिळण्याची तपासणी आणि कूस बदलणं दुपारच्या सत्रात सतरंजीवर प्रत्यक्ष करून दाखवते. रुग्ण म्हणून झोपायला दोघीजणी लागतील, आणि साडीपेक्षा सलवार-कमीज असेल तर बरं. आता प्रश्न विचारा.